विश्लेषण : सॉफ्टवेअरचा डबा कोण तपासतो? कंटेनर इमेजची निगा आणि वणीतला ग्राहक

पैसे पाठवले पण पोहोचले नाहीत. दाखल्याच्या पीडीएफवर अक्षरांऐवजी चौकोन उमटले. पहाटे भरलेल्या अर्जाच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख आली. अशा वेळी आपण ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच म्हणतो आणि काउंटरवरून परत फिरतो. यातल्या अनेक बिघाडांचे मूळ मात्र सर्व्हरच्या यंत्रात नसते. त्यावर चालणारे सॉफ्टवेअर ज्या ‘डब्या’त भरून आले, त्या डब्याची वेळेवर निगा राखली गेलेली नसते, किंवा त्याची नीट तपासणी झालेली नसते. या डब्याला कंटेनर इमेज म्हणतात. तो कोण बनवतो, कोण तपासतो आणि वणीसारख्या तालुक्याच्या गावाला त्याच्याशी काय देणेघेणे, याचा हा आढावा.

३१ जुलै २०२४ रोजी काय घडले होते?

त्या दिवशी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीचा आपल्या किरकोळ देयक यंत्रणेशी असलेला संपर्क तात्पुरता तोडला. सी-एज ही स्टेट बँक आणि टीसीएस यांच्या भागीदारीतील कंपनी. तिचे ग्राहक प्रामुख्याने सहकारी बँका आणि प्रादेशिक ग्रामीण बँका. कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता आणि तो पसरू नये म्हणून हा संपर्क तोडणे आवश्यक होते. देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसह इतर व्यवहार त्यामुळे थांबले. तपासणीनंतर १ ऑगस्टला संपर्क पुन्हा जोडला गेला.

देशातील एकूण देयक व्यवहारांच्या तुलनेत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असल्याचे तेव्हा सांगितले गेले. आकडा खरा असेल. पण हा अर्धा टक्का कोणाचा, हे पाहिले पाहिजे. ज्याचे एकच खाते आहे आणि तेही जिल्हा सहकारी किंवा ग्रामीण बँकेत, त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो. खरिपाच्या हंगामात खताच्या दुकानात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला राष्ट्रीय सरासरीचा उपयोग नसतो.

हल्ला कुठून झाला? क्लाउडसेक या सायबर सुरक्षा संस्थेच्या विश्लेषणानुसार साखळीची सुरुवात सी-एजशी संबंधित एका कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरपासून झाली. त्याची मांडणी सदोष होती. जेन्किन्स हे सॉफ्टवेअरची बांधणी आणि चाचणी आपोआप करणारे लोकप्रिय साधन आहे. त्यातील संबंधित त्रुटी जाहीर झाली होती २४ जानेवारी २०२४ रोजी आणि दुरुस्त आवृत्तीही त्याच दिवशी उपलब्ध झाली होती. म्हणजे औषध बाजारात येऊन सहा महिने झाले होते. हा प्रकार कंटेनर इमेजमुळे घडला असे नाही. पण ज्या कारखान्यात सॉफ्टवेअरचे डबे भरले जातात, त्याच कारखान्याचे दार उघडे राहिले तर काय होते, हे त्यातून दिसले.

कंटेनर इमेज म्हणजे नेमके काय?

एखादा कार्यक्रम पायथन भाषेत लिहिला आहे असे समजा. तो चालवायला केवळ तो कार्यक्रम पुरत नाही. पायथनची ठरावीक आवृत्ती लागते, तिच्याखाली लिनक्सची काही मूलभूत ग्रंथालये, म्हणजे तयार कोडचे संच लागतात, सुरक्षित संपर्कासाठी ओपनएसएसएल लागते, प्रमाणपत्रे लागतात. विकसकाच्या लॅपटॉपवर हे सगळे असते, सर्व्हरवर वेगळेच काही असते. मग ‘माझ्याकडे तर चालत होते’ हे वाक्य ऐकू येते.

यावर उपाय म्हणून कार्यक्रम आणि त्याला लागणारा सगळा शिधा एकाच डब्यात भरून द्यायची पद्धत रूढ झाली. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत पायथन विकसकांच्या परिषदेत डॉकर हे साधन प्रथम लोकांसमोर आले आणि पुढच्या काही वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. भरलेल्या, सीलबंद डब्याला इमेज म्हणतात; तो उघडून चालवला की त्याला कंटेनर म्हणतात. २०१५ मध्ये यासाठी खुले मानक ठरवणारी संस्था स्थापन झाली, त्यामुळे एका कंपनीच्या साधनाने बनवलेली इमेज दुसऱ्याच्या साधनावर चालते.

इमेज थरांची असते. सर्वांत खाली लिनक्सचा थर, त्यावर भाषेचा, त्यावर इतर ग्रंथालयांचा आणि सर्वांत वर आपला कार्यक्रम. खालचा थर हजारो इमेजमध्ये सामाईक असतो. सोय यातच आहे आणि धोकाही यातच. पाया एकदा बिघडला की त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या इमारतींना तडा जातो.

भाषेची इमेज कोण बनवते?

पायथन, नोड, गो, रुबी, पीएचपी, रस्ट, जावा या भाषांच्या तयार इमेज डॉकर हबसारख्या कोठारात मोफत मिळतात. त्यांतल्या ‘ऑफिशियल’ म्हणवल्या जाणाऱ्या इमेजमागे लहान गट असतात. काही जण कंपनीच्या पगारावर, तर काही जण स्वतःच्या वेळेत हे काम करतात. त्यांची कृती, म्हणजे डॉकरफाइल, सर्वांना वाचता येते. मुंबईतील बँक असो, पुण्यातील आयटी कंपनी असो की एखाद्या विद्यार्थ्याचा अंतिम वर्षाचा प्रकल्प. पहिली ओळ बहुतेक वेळा सारखीच असते : अमुक भाषेच्या अमुक इमेजवर माझा कार्यक्रम बांध.

ही एक ओळ लिहायला पाच सेकंद लागतात. तिच्या मागचे काम किती, याचा हिशेब करून पाहू. पायथनची दर ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. म्हणजे कोणत्याही वेळी पाचेक आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. प्रत्येकीचे मोठा, सडपातळ, अल्पाइन असे निदान चार प्रकार धरू. प्रत्येक प्रकार इंटेल-एएमडीच्या, एआरएमच्या आणि आणखी दोन जातींच्या प्रोसेसरवर चालला पाहिजे. पाच गुणिले चार गुणिले चार, झाल्या ऐंशी इमेज. एका भाषेच्या. खालच्या थरात एक सुरक्षा दुरुस्ती आली की या ऐंशीही पुन्हा बांधायच्या आणि पुन्हा तपासायच्या.

देखभाल करायची म्हणजे काय करायचे?

इमेज स्वतःहून बदलत नाही, हा तिचा गुण. पण जग बदलत असते. काल निर्दोष असलेल्या ग्रंथालयात आज त्रुटी सापडते. डबा सीलबंद आहे म्हणून आतले अन्न ताजे राहते असे नाही. म्हणून देखभालीची पहिली पायरी म्हणजे नियमित पुनर्बांधणी. खालचा डेबियन लिनक्सचा थर साधारण महिन्यातून एकदा-दोनदा नवा होतो. त्यावरच्या इमेजही मग नव्याने बांधाव्या लागतात.

दुसरी पायरी म्हणजे मुदत सांभाळणे. पीएचपी ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, नोड १८ चा एप्रिल २०२५ मध्ये, पायथन ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यानंतर सापडलेली त्रुटी मूळ गट दुरुस्त करत नाही. इमेज मात्र कोठारात तशीच राहते आणि मागणाऱ्याला मिळतही राहते. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. इमेजच्या नावावर ती नसते.

तिसरी पायरी नावाची. ‘पायथन ३.१२’ हा टॅग म्हणजे दुकानाची पाटी. पाटी तीच राहते, आतला माल बदलतो. आज उतरवलेली इमेज आणि पुढच्या महिन्यात त्याच नावाने उतरवलेली इमेज वेगळी असू शकते. नेमका तोच माल हवा असेल तर डायजेस्ट वापरावा लागतो. ही इमेजमधील मजकुरावरून गणिताने काढलेली लांबलचक खूण असते, अंगठ्याच्या ठशासारखी. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. पण ठसा पक्का धरला की सुरक्षा दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. टॅग धरावा तर अनपेक्षित बदल होतो. डायजेस्ट धरावा तर जुनाटपणा येतो. मार्ग एकच : डायजेस्ट धरायचा आणि तो ठरावीक दिवसांनी, चाचणी करून, बदलत राहायचा.

दुर्लक्ष किती दिवस टिकू शकते याचे उदाहरण एक्सझेड प्रकरणात आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. त्याने शोध घेतला तेव्हा एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता. चाचणी आवृत्त्यांत मात्र शिरला होता. गाजावाजा झाला, दुरुस्ती झाली. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये बायनार्ली या सुरक्षा संस्थेला डॉकर हबवर हा चोरदरवाजा असलेल्या किमान ३५ इमेज सापडल्या. जवळपास दीड वर्षानंतर.

चाचणी कशी होते?

वणी परिसरातील वेकोलिच्या खाणींतून कोळसा निघतो, तेव्हा तो फक्त वजन करून वाघिणींत भरला जात नाही. उष्मांकानुसार त्याची जी-१ ते जी-१७ अशी प्रतवारी ठरलेली आहे. भरतीच्या ठिकाणी नमुना घेतला जातो, वीज केंद्रावर उतरवताना पुन्हा तपासणी होते. घेणारा आणि देणारा या दोघांचा एकमेकांच्या शब्दावर विश्वास नसला तरी व्यवहार चालतो, कारण मधे नमुना असतो. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीचे स्थान हेच आहे.

ऑफिशियल इमेजसाठी सामाईक चाचण्यांचा एक खुला संच आहे. तो वाचण्यासारखा आहे. २०१४ मध्ये गाजलेली शेलशॉक ही त्रुटी इमेजमध्ये परत आली नाही ना, हे आजही तपासले जाते. कोणाचा पासवर्ड आत कायमचा कोरलेला राहिला नाही ना, ते पाहिले जाते. मग भाषेनुसार चाचण्या : गो, जावा, रुबीचा छोटा कार्यक्रम खरोखर चालतो का; पायथनची महत्त्वाची अंगे उपलब्ध आहेत का; पायथन सुरक्षित संपर्काने एखादे संकेतस्थळ उघडू शकतो का; खोलवर स्वतःलाच बोलावणारा कार्यक्रम मधेच कोसळत नाही ना.

या चाचण्या साध्या दिसतात. त्यांच्या मागे बहुधा एखादा जुना अपघात असतो. घाटातल्या वळणावरचा फलक तिथे आधी काही घडले म्हणून लागतो, तसेच हे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. ट्रिव्ही, ग्राइप यांसारखी मोफत साधने इमेज चाळून ज्ञात त्रुटींची यादी देतात. यादी शून्य आली म्हणजे इमेज सुरक्षित, असा समज चुकीचा आहे. हे साधन मुख्यतः आवृत्तीचे क्रमांक जुळवते. अजून कोणालाच न सापडलेली त्रुटी त्याला दिसत नाही. उलट, यादीतल्या दोनशे नोंदींपैकी अनेक अशा अंगांच्या असतात, ज्यांना तो कार्यक्रम कधी हातही लावत नाही. म्हणून चाळणी हवी, पण चालवून पाहण्याला ती पर्याय नाही.

लहान इमेज म्हणजे चांगली इमेज का?

पायथनची पूर्ण इमेज उघडल्यावर सुमारे एक जीबी भरते. सडपातळ इमेज तिच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्यात बसते आणि अल्पाइन लिनक्सवरची त्याहूनही लहान असते. लहान इमेज लवकर उतरते, कमी जागा घेते आणि आत कमी वस्तू असल्याने हल्ल्याला कमी जागा मिळते. जिथे इंटरनेट मोजूनमापून मिळते तिथे हा फरक मोठा.

पण अल्पाइनमध्ये लिनक्सचे नेहमीचे मूळ ग्रंथालय ग्लिबसी नसते, मसल नावाचे दुसरे असते. ग्लिबसीसाठी आधीच बांधून ठेवलेले पायथनचे संच तिथे चालत नाहीत. मसलसाठी वेगळे संच बांधण्याचा नियम २०२१ मध्ये ठरला, पण प्रत्येक संच तसा उपलब्ध असतोच असे नाही. मग तो मुळापासून बांधावा लागतो आणि जे काम मिनिटात व्हायचे त्याला तास लागू शकतो. काटकसर करताना नेमके काय काढून टाकले, याची यादी वाचल्याशिवाय लहान इमेज निवडणे म्हणजे वजन कमी करायला बैलगाडीची कणी काढण्यासारखे आहे.

यात मराठीचा प्रश्न कुठे येतो?

इथेच. काटकसरीत सर्वांत आधी काढल्या जातात त्या ‘अनावश्यक’ वस्तू : जगभरच्या वेळांची माहिती, भाषांचे नियम, फॉन्ट. इंग्रजीला त्यांची उणीव जाणवत नाही. आपल्याला जाणवते.

पहिली वेळ. ऑफिशियल इमेजचे घड्याळ यूटीसीवर असते, आणि ते तसेच आहे ना याची चाचणीही त्या सामाईक संचात आहे. ही चूक नव्हे, जाणूनबुजून ठरवलेला नियम आहे. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. इथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा कंटेनरमध्ये आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. विकसकाने रूपांतर केले नाही, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातील प्रत्येक नोंदीवर आदली तारीख पडते. रूपांतर करायला जावे तर अल्पाइनमध्ये ‘आशिया/कोलकाता’ या नावाची माहितीच नसते. ती वेगळी भरावी लागते. गो भाषेने ऑगस्ट २०२० च्या १.१५ आवृत्तीपासून ही माहिती कार्यक्रमातच गुंडाळून नेण्याची सोय दिली, पण ती मागावी लागते. विम्याचा अर्ज, नोंदणीची शेवटची तारीख, कर्जफेडीचा दिवस. एका दिवसाचा फरक किती महाग पडतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरे फॉन्ट. सडपातळ इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो. कार्यक्रम पीडीएफ बनवतो, चूक दाखवत नाही, आणि कागदावर नावाच्या जागी चौकोन उमटतात. फॉन्ट भरला तरी काम संपत नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे. ‘दुसऱ्या’तला ऱ्य नीट जुळला पाहिजे. ‘ॲप’मधले ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, जुन्या फॉन्टमध्ये ते सापडत नाही. ‘लोहित’ हा खुला देवनागरी फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी अनेक वर्षे सांभाळला. डेबियनमध्ये त्याचा मराठीसाठी वेगळा संचही मिळतो. एका ओळीत तो इमेजमध्ये भरता येतो. ती ओळ लिहायचे कोणाच्या तरी लक्षात असावे लागते.

तिसरा क्रम. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल आणि व यांच्या मधे बसला आहे. भाषेच्या नियमांची माहिती इमेजमध्ये नसेल तर यादी क्रमांकानुसार लागते आणि ळ असलेली नावे भलत्याच जागी जातात. नोड भाषेच्या बाबतीत ऑक्टोबर २०१९ च्या १३ व्या आवृत्तीपर्यंत मूळ बांधणीत फक्त इंग्रजीचेच नियम असत. बाकीच्या भाषांसाठी वेगळी तजवीज करावी लागे. पायथन ३.७ च्या आधी, भाषेची मांडणी न केलेल्या कंटेनरमध्ये मराठी अक्षर छापायला गेले की कार्यक्रम कोसळण्याचा प्रसंग येई. २०१८ मध्ये ते बदलले.

चौथे मोजमाप. ‘वणी’ हे नाव आपल्या लेखी दोन अक्षरांचे. युनिकोडच्या हिशेबाने त्यात तीन चिन्हे आहेत आणि साठवताना नऊ बाइट लागतात. अर्जातल्या नावाची मर्यादा बाइटमध्ये मोजली असेल तर मराठी नाव इंग्रजीच्या तिपटीने लवकर कापले जाते.

या चारही गोष्टी जगातल्या कोणत्याही स्वयंसेवकाने आपल्यासाठी तपासाव्यात, ही अपेक्षा बरोबर नाही. त्याने पाया दिला. त्यावर मराठी घर उभे राहते का, हे पाहण्याची जबाबदारी ते घर बांधणाऱ्याची.

मोफतचे दिवस किती?

नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने खाते न उघडता इमेज उतरवणाऱ्यांवर मर्यादा घातली : एका इंटरनेट पत्त्यावरून सहा तासांत १००. महानगरातील कंपनीने पैसे भरले आणि विषय संपवला. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मात्र पन्नास-साठ विद्यार्थी एकाच पत्त्याआड असतात; प्रत्येकाने दोन इमेज उतरवल्या की प्रात्यक्षिक थांबते. स्थानिक प्रत ठेवणारे छोटे कोठार उभारले तर हा अडथळा राहत नाही, आणि त्यासाठी एक जुना संगणक पुरतो.

जावाची ‘ओपनजेडीके’ ही कमालीची वापरली जाणारी इमेज २०२२ मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि लोकांना टेमुरिनसारख्या पर्यायांकडे जायला सांगितले गेले. बिटनामीच्या तयार इमेजवर जगभरच्या कंपन्या वर्षानुवर्षे विसंबून होत्या. मालकी व्हीएमवेअर आणि मग ब्रॉडकॉमकडे गेल्यानंतर २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बहुतेक मोफत इमेज ‘जुन्या’ म्हणून बाजूला काढल्या गेल्या आणि त्यांच्या दुरुस्त्या थांबल्या. कोणी फसवले असे नाही. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरताना ती विहीर आपली नाही, याचा विसर पडला होता.

मग वणीला याचे काय?

वणीत मोठा डेटा सेंटर नाही. पण वणीतला माणूस रोज या साखळीच्या शेवटच्या टोकाला उभा असतो. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करणे आवश्यक झाले. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, विमा, शिष्यवृत्ती, बँक. सगळे पडद्यावर आले. केंद्रावर कापसाचा ओलावा आठ ते बारा टक्क्यांत आहे का, हे मीटरने मोजूनच माल घेतला जातो. तेरा भरला तर शेतकऱ्याचे कोणी ऐकत नाही. ज्या यंत्रणा त्याचा माल इतक्या काटेकोरपणे मोजतात, त्यांच्या सॉफ्टवेअरचा ओलावा मोजणारे मीटर कुठे आहे, हे त्यालाही विचारता आले पाहिजे.

नियमांची दिशा बदलते आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेबीने २० ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत नियंत्रित संस्थांना सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवायला सांगितले. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डब्यात काय काय भरले आहे, हे लिहून ठेवणे ही चांगली सुरुवात आहे. शेअर बाजारातील गुंतवणूकदाराला मिळणारे हे संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीदारालाही मिळायला हवे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती करारातली स्पष्टता. आपल्याकडे ॲपचे उद्घाटन होते, देखभालीचे होत नाही. निविदेत बांधणीची रक्कम असते. पुढची पाच वर्षे खालचा थर कोण बदलणार, हे मोघम राहते. रस्त्याच्या कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो. सॉफ्टवेअरच्या कंत्राटातही तो असावा आणि त्यात चार कलमे नावानिशी यावीत. ज्या भाषेच्या आवृत्तीची मुदत संपली तिची इमेज चालवायची नाही. गंभीर त्रुटीची दुरुस्ती आल्यापासून ठरावीक दिवसांत पुनर्बांधणी आणि चाचणी करायची. प्रत्येक इमेजच्या घटकांची यादी द्यायची. आणि भारतीय वेळ, देवनागरी फॉन्ट, मराठी क्रम व नावाची लांबी यांची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय नवी आवृत्ती लोकांसमोर आणायची नाही.

लहान बँका हे काम एकेकट्या करू शकणार नाहीत, हा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच ते एकत्र करण्यासारखे आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने, सहकारी बँकांच्या संघांनी आणि विद्यापीठांनी मिळून मोजक्या भाषांच्या, मराठीसाठी तपासलेल्या पायाभूत इमेजचे एक खुले कोठार चालवले, तर प्रत्येकाचा खर्च वाचेल. चाचण्या लिहिण्याचे काम विदर्भातल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी करू शकतात. त्याला लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी लागते. ‘दुसऱ्या’ हा शब्द बरोबर छापला गेला का, हे तपासायला सॅन फ्रान्सिस्कोत बसलेल्या अभियंत्यापेक्षा वणीतली विद्यार्थिनी जास्त पात्र आहे. तिने लिहिलेली चाचणी जगातल्या खुल्या प्रकल्पांतही स्वीकारली जाऊ शकते, आणि नोकरीच्या मुलाखतीत ती पदवीच्या कागदापेक्षा जास्त बोलते.

हे सगळे न केल्यास उद्याच सर्व बंद पडेल, असे नाही. जुन्या इमेज चालत राहतात, हीच त्यांची अडचण आहे. चालते आहे म्हणून कोणी हात लावत नाही, आणि हात लावला नाही म्हणून एक दिवस ती चालत नाही. त्या दिवशी सर्वांत आधी थांबते ते एकाच खात्यावर घर चालवणाऱ्याचे काम. डबा कोणी भरला, कधी भरला आणि कोणी तपासला, या तीन प्रश्नांची उत्तरे सेवा देणाऱ्याकडे लेखी तयार असली पाहिजेत. आणि ती मागण्याचा हक्क काउंटरच्या या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा आहे.